स्विफ्ट खाली घ्यायची आहे, बजेट पंधरा हजार. मुंबईत काय करता येईल?

निळीस्विफ्ट | ६ एप्रिल, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय.

गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, ७८ हजार किमी झालेत. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे. राहायला मुलुंड पूर्व, ऑफिस सीप्झला. रोजचा रस्ता एलबीएस, पवई, जेव्हीएलआर. गणपतीला आणि शिमग्याला चिपळूण, तेव्हा गाडीत पाच माणसं आणि डिकी गच्च.

गाडीवर जीव आहे. पण टायर आणि मडगार्डच्या मधली चार बोटं पोकळी डोळ्यात खुपते. शिवाय साठच्या वर फ्लायओव्हरच्या वळणावर गाडी होडीसारखी झुलते. ४० मिमी खाली घ्यावी असं डोक्यात आहे. कॉइलओव्हरचा (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा सेट) विचारच सोडला, लोअरिंग स्प्रिंगचा (गाडी खाली बसवणाऱ्या तयार स्प्रिंगांचा) नवा सेटही हाताबाहेर जातो. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "चारही स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी कापून देतो, अडीच हजार, संध्याकाळी गाडी न्या." ऐकायला सोपं वाटतं, पण मनाला पटत नाही. का पटत नाही तेही नीट सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पाना१४ | ६ एप्रिल, रात्री ११:०५

कापू नका. आत्ता एवढंच लिहितो, उद्या दुकान बंद केल्यावर सविस्तर.

सांताक्रूझकर | ६ एप्रिल, रात्री ११:४०

मी कापल्या होत्या, म्हणून लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी, दुसरी गाडी होती. पुढच्या दोन स्प्रिंग गॅसकटरने कापल्या. पहिले पंधरा दिवस मी गाडी पार्क करून चार पावलं पुढे जायचो आणि मागे वळून बघायचो, इतकी सुरेख दिसायची. मग गाडी आपोआप आणखी बसायला लागली, आधी डावीकडे. तिसऱ्या महिन्यात वाकोला फ्लायओव्हर उतरताना बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि स्टिअरिंग डावीकडे खेचलं. कशीबशी बाजूला घेतली. स्प्रिंग जिथे कापली होती तिथून बोटभर अंतरावर तुटली होती, आणि तुटलेलं टोक टायरच्या साईडवॉलमध्ये घुसलं होतं. मागच्या सीटवर माझी मुलगी होती, तेव्हा चार वर्षांची.

त्या गॅरेजवाल्यावर राग काढून काय करू, कापा असं मीच सांगितलं होतं. पण तुम्ही विचारताय तोवर सांगणं माझं काम आहे.

परळची | ७ एप्रिल, सकाळी ८:१५

सांताक्रूझकर, वाचून अंगावर काटा आला.

माझे बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. आत्ता चहा पिताना त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते: "कोयत्याला लोहार पाणी देतो ना, तसंच स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं असतं. आधी लाल तापवून तेलात विझवायचं, मग बेताच्या आचेवर पुन्हा मऊ करायचं. त्या दोन्हींचा मेळ म्हणजे स्प्रिंग. गॅसची ज्योत लावली की लाल झाला तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. पलीकडे दोन बोटांवर वेगळं पोलाद, अलीकडे वेगळं. तुटणार ती त्या शिवेवर."

काही गॅरेजमध्ये कापतही नाहीत, गाडी उभी ठेवूनच स्प्रिंग तापवतात आणि ती आपल्या वजनाने बसू देतात. बाबा म्हणाले, ते तर त्याहून वाईट.

पाना१४ | ७ एप्रिल, रात्री १०:३०

घरी आलो, आता बोलू. माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. तेव्हा हे पुस्तकातलं नाही, हातातलं आहे.

गॅसऐवजी ग्राइंडरने कापली तर पाणी उतरत नाही, हे खरं. म्हणून पुष्कळ जण "ग्राइंडरने कापली की चालतं" म्हणतात. पण बाकीचे प्रश्न तसेच राहतात.

पहिला हिशेबाचा. समजा स्प्रिंगची कामाची वेटोळी पाच आहेत. प्रत्येक वेटोळ्यावर वजन तेवढंच येतं आणि प्रत्येक वेटोळं तेवढंच दबतं. म्हणजे एक वेटोळं काढलं की दबलेल्या अवस्थेत त्याची जेवढी उंची, तेवढी गाडी खाली येते. ती उंची ४० मिमी असेल तर दीड वेटोळ्याने गाडी ६० मिमी बसेल. तुम्हाला ४० हवी आहे, कापणारा ६० ची करून देणार आणि "जरा जास्तच बसली, पण मस्त दिसते" म्हणणार. कडकपणा वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात वाढतो. पाचाची साडेतीन झाली की स्प्रिंग सुमारे ४३ टक्के कडक. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण चाकाला वर जायला उरलेली जागा ७५ मिमीवरून १५ वर आली असेल तर ४३ टक्क्यांनी काय होणार? प्रत्येक खड्ड्यात शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) बंपस्टॉपच्या रबरावर जाऊन आपटणार. लोक त्याला "स्पोर्टी, कडक राइड" समजतात. ती राइड नाही, ते आपटणं आहे.

दुसरा प्रश्न जॅकवर दिसतो. गाडी उचलली की शॉकप पूर्ण लांब होतो, त्याची लांबी तर कापलेली नसते. कापलेली स्प्रिंग त्या लांबीला पुरत नाही आणि सैल होते. हाताने फिरवली तर खुळखुळ्यासारखी फिरते. पुढे ती निदान शॉकपच्याच दोन ताटल्यांमध्ये अडकलेली असते. तुमच्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकप वेगळा आहे. चाक एखाद्या मोठ्या खड्ड्यात लटकलं की मागची स्प्रिंग बैठकीवरून सरकू शकते, आणि चाक परत वर येताना ती तिरकी बसते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगला एका टोकाला जवळजवळ गुंडाळलेली दोन-तीन वेटोळी असतात ना, ती याचसाठी. गाडीच्या वजनाखाली ती पूर्ण मिटतात, चाक लटकलं की उघडतात आणि स्प्रिंगला बैठकीवर धरून ठेवतात. कापलेल्या स्प्रिंगला ते कुठून आणणार?

आणि आता खरं ते. तुमची गाडी ७८ हजार चाललेली आहे. होडीसारखी झुलते म्हणता, तो उंचीचा दोष नाही, शॉकप संपलेत. उद्या सकाळी गाडीला हात लावायच्या आधी पुढच्या शॉकपवर ओलसर तेलकट धूळ चिकटलीय का बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारा, दिसतं. लिंक रॉडचे बॉल हाताने हलतात का, लोअर आर्मचे (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश फाटलेत का तेही बघा. पंधरा हजार आधी इथे घाला.

निळीस्विफ्ट | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

दादा, ऑफिसला निघायच्या आधी बघितलं. डावा पुढचा शॉकप अर्ध्यापर्यंत काळा, बोट लावलं तर तेल. उजवा कोरडा आहे. उजवीकडची लिंक रॉड हाताने टकटक करते. गेले वर्षभर मी हा आवाज डॅशबोर्डमधून येतोय असं समजत होतो.

खालीगाडी | ८ एप्रिल, दुपारी १:१०

सगळे भीतीच घालताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी चार वर्षं लोअर केलेली गाडी मुंबईतच रोज चालवतो, चेंबूर ते वरळी. नामांकित कंपनीच्या, माझ्याच मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंग, ३० मिमी. सोबत नवे शॉकप आणि आखूड बंपस्टॉप. रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर गाडी ज्या शांतपणे लेन बदलते, त्याचं सुख मला शब्दांत नाही सांगता येत. गाडी रस्त्याला धरून आहे हे कमरेला कळतं.

पण ४० नको. मीही ४० चा सेट बघून परत ठेवला होता. मुंबईत ३० मिमीपेक्षा जास्त खाली घेतलीत की तुम्ही गाडी चालवत नाही, रस्ता वाचत बसता. काँक्रीटचं काम अर्ध्यावर असलेल्या रस्त्यावर डांबर आणि काँक्रीटच्या मधली पायरी, वर आलेलं मॅनहोलचं झाकण, खचलेले पेव्हर ब्लॉक. आणि जून ते सप्टेंबर. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेला पाणी भरलं की मी गाडी काढतच नाही, लोकल धरतो. हे मान्य असेल तरच करा.

लोअरआर्म | ८ एप्रिल, रात्री ९:४५

४० का नको, याचं एक कारण अजून कोणी लिहिलं नाही. मी सस्पेन्शन डिझाइनमध्ये काम करते.

गाडीखाली वाकून पुढच्या लोअर आर्मकडे बघा. चेसिसकडचं टोक वर आणि चाकाकडचं टोक किंचित खाली असा त्याचा उतार असतो. गाडी खाली घेतली की हा उतार कमी होतो, आर्म आडवा होतो, आणखी घेतली की उलटा उतार येतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (तुमच्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन याच प्रकारचं) गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर या आर्मच्या कोनावर ठरतो. गाडीची बॉडी ४० मिमी खाली आली तरी रोल सेंटर त्याहून बराच जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, आणि तेच अंतर वळणावर गाडीला कलवतं. म्हणजे दिसायला बसकी झालेली गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते, आणि ते लपवायला स्प्रिंग आणखी कडक कराव्या लागतात. आर्म आडवा व्हायच्या आत थांबलात तर कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेरचा उभा कल) थोडा निगेटिव्हकडे, म्हणजे वरून आत, जातो आणि वळणावर टायरला मदत होते. पुढे गेलात की चाक दबताना कॅम्बर उलट दिशेने सुटतो.

टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) कोनही बदलतो, त्यामुळे टो (वरून बघता चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर) बिघडतो. टायर कॅम्बरने खातात असं लोक म्हणतात, पण टो त्याहून लवकर खातो. स्प्रिंग बदलल्या दिवशीच अलाइनमेंट, आणि स्प्रिंग बसल्या की पाचशे किमीने परत. हेडलाइटचा झोतही तेव्हाच तपासा. मागची बाजू जास्त बसली तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

फाईलवाला | ९ एप्रिल, सकाळी १०:००

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ नमूद केलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कापलेली स्प्रिंग अपघातानंतर सर्व्हेअरला पहिल्या नजरेत दिसते. म्हणून काहीही करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर लेखीच घ्या.

गणिताच्या_बाई | ९ एप्रिल, रात्री ८:३०

मला गाड्यांतलं कळत नाही, पण मुलाने हा धागा दाखवला आणि स्पीडब्रेकरचं गणित करून बघावंसं वाटलं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल स्पीडब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असा दिला आहे. स्विफ्टच्या दोन चाकांमधलं अंतर २.४३ मीटर. दोन्ही चाकं उंचवट्याच्या दोन बाजूंना असताना पोटाखाली किती फुगवटा येतो? जीवेचा वर्ग भागिले आठ त्रिज्या: २.४३ चा वर्ग ५.९, भागिले १३६. उत्तर ४३ मिमी. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेला ब्रेकर १० सेंमी उंच असूनही गाडीच्या पोटाखालचे फक्त ४३ मिमी खातो, कारण चाकंही त्याच्यावरच चढलेली असतात.

पण आमच्या सोसायटीच्या फाटकातला ब्रेकर हातभर रुंद आणि वीतभराहून थोडा कमी उंच आहे. तिथे दोन्ही चाकं जमिनीवर आणि उंचवटा मधोमध, म्हणजे पूर्ण उंची पोटाखाली येते. तेव्हा गाडी किती खाली घ्यायची हे तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा सर्वात वाईट ब्रेकर ठरवणार.

मोजायला एक साधी युक्ती. २.४३ मीटरची सरळ फळी घ्या, दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे थर्मोकोलचे तुकडे लावा. उंची किती? गाडी खाली घेतल्यावर माणसं बसून जेवढी उरेल तेवढी. ही फळी ब्रेकरवरून सरकवत न्या. फळी टेकली, तर गाडी टेकणार.

पाना१४ | ९ एप्रिल, रात्री ९:००

बाई, एकवीस वर्षांत हे सुचलं नाही. उद्यापासून माझ्या गॅरेजात फळी असेल.

निळीस्विफ्ट | १३ एप्रिल, रात्री ११:३०

बाई, केलं. आज रात्री साडेदहाला, बायको, मी आणि वॉचमन काका. पडद्याच्या दुकानातून ॲल्युमिनियमची पट्टी आणली. स्विफ्टचा कंपनीचा क्लिअरन्स १७०. त्यातून ४० गेले, १३० उरले, चार माणसं बसल्यावर अजून २५ धरले, राहिले १०५. थर्मोकोल बरोबर १०५ मिमीचं कापलं.

मुख्य फाटकावरून पट्टी अलगद गेली. मागच्या फाटकाला, जिथून मी रोज बाहेर पडतो, पट्टी मधोमध टेकली आणि एक टोक वर उचललं गेलं. काकांनी टॉर्च धरला होता. ब्रेकरच्या माथ्यावर आधीच दोन चकचकीत चरे होते, दुसऱ्या कोणाच्या तरी सायलेन्सरचे. मग १२० चं थर्मोकोल लावलं, म्हणजे २५ मिमी खाली घेतली तर काय, ते बघायला. कागद सरकेल इतकी जागा राहिली.

४० चा विचार तिथेच सोडला.

वडाळ्याहून | १४ एप्रिल, सकाळी ९:०५

दिसण्यासाठीच हवं असेल तर एक पर्याय. याच पिढीच्या झेडएक्सआयला कंपनीचे १८५/६५ आर१५ टायर होते, तुमचे १६५/८० आर१४. बाहेरचा व्यास ६२१ आणि ६२० मिमी, जवळजवळ सारखाच. पोकळी कमी होत नाही, पण रिम मोठी आणि टायर रुंद झाल्यावर गाडी उभी राहिलेली वेगळी दिसते. तुमचे टायर संपत आले की विचार करा.

निळीस्विफ्ट | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

मंडळी, मधे पाच महिने गेले, क्षमस्व. झालेलं सांगतो.

मे महिन्यात पाना१४ दादांच्या यादीप्रमाणे काम करून घेतलं. पुढचे दोन शॉकप ४,४००, मागचे दोन २,२००, वरचे माउंटिंग बेअरिंगसकट १,४००, लिंक रॉडची जोडी ९००, लोअर आर्मचे बुश ८००, मजुरी २,०००, अलाइनमेंट ६००. एकूण १२,३००.

जुना डावा शॉकप मी हातात धरून दाबला. दांडा आत गेला आणि आतच राहिला. नवा दाबला तर जोर लावून आत जातो आणि सावकाश, एका लयीत परत वर येतो. वर्षभर मी कसल्या गाडीत आईला बसवून चिपळूणला नेत होतो हे त्या क्षणी कळलं.

होडीसारखं झुलणं गेलं. गणपतीला पाच जण आणि सामान घेऊन परशुराम घाट उतरलो, आई मागे झोपली होती ती उठली नाही. आई पूर्वी पनवेलच्या पुढे वांतीची गोळी घ्यायची, यंदा घेतली नाही.

उंची अजून तीच आहे आणि ती पोकळी अजूनही खुपते, खोटं बोलणार नाही.

खालीगाडी | २१ सप्टेंबर, रात्री १०:००

पाऊस संपू दे. माझ्या ओळखीतला एक जण गाडी विकतोय, स्विफ्टच्याच २५ मिमीच्या लोअरिंग स्प्रिंग काढून ठेवल्यात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. घेताना स्प्रिंगवरचा पार्ट नंबर तुमच्याच पिढीचा आणि पेट्रोलचा आहे ना ते ताडून बघा. डिझेलचं इंजिन जड असतं, त्याच्या पुढच्या स्प्रिंग वेगळ्या. रंगाचा पोपडा उडून गंज खोल गेला असेल तर पैसे वाचले म्हणून खूश होऊ नका, सोडून द्या.

निळीस्विफ्ट | २३ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

घेतल्या. ९,००० ला. नंबर जुळला, पेट्रोलच्याच. विमा कंपनीला आधी ईमेल केला, त्यांचं होकाराचं उत्तर छापून गाडीच्या कागदांत ठेवलंय. बंपस्टॉप आखूड केले, काम पाना१४ दादांकडेच.

मोजमाप चाकाच्या मधल्या टोपीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतलं, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मधे येत नाही. आधी: पुढे डावी ३८१, उजवी ३८४, मागे डावी ३७६, उजवी ३८५. मागच्या दोन बाजूंत ९ मिमीचा फरक होता, जुनी डावी स्प्रिंग बसली होती, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एक हजार किमीनंतर आता: पुढे ३५७ आणि ३५८, मागे ३६० दोन्हीकडे. दुसरं अलाइनमेंटही झालं. लोअर आर्मला अजून थोडा खालचा उतार आहे, लोअरआर्म ताईंनी सांगितलं तसं वाकून बघितलं.

मागचं फाटक चार माणसांनिशी पार होतं, तिरकं न घेता. पाच माणसं आणि डिकी भरून नाही जमत, तेव्हा मुख्य फाटक. पार्क करून मीही वळून बघतो.

एकच शंका. सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून उजवीकडून "टंग्" असा एकदाच आवाज येतो. नंतर दिवसभर नाही.

पाना१४ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

उजवी पुढची स्प्रिंग वरच्या बैठकीत पूर्ण फिरून बसलेली नसेल, टोक खाचेच्या आधी अडकलं असेल. वळवताना ताण साठतो आणि सुटताना वाजतं. माझ्याच हातून राहिलं असणार. मंगळवारी सकाळी या, शॉकप उतरवून परत बसवतो, पैसे नाहीत. तोवर पूर्ण लॉकपर्यंत वळवू नका.